तळखड्यावर उभा वाडा

पुण्यात बाजीराव रस्त्यावर विश्रामबाग वाड्यासमोर पाय थबकले की नजर आधी वर जाते. रस्त्याच्या अंगाला पुढे आलेला लाकडी सज्जा, त्याचे सुरूच्या आकाराचे खांब, खांबाखांबांमधल्या महिरपी, खाली झुकलेली केळफुले. हे पाहावेच. पण वाडा समजून घ्यायचा असेल तर नजर पुन्हा खाली, पार जमिनीपर्यंत आणावी लागते. खांब जिथे टेकतो तिथे त्याच्या पायाखाली काळ्या दगडाचा एक घडीव ठोकळा असतो. तो तळखडा. जुन्या वाड्यातला खांब जमिनीत पुरलेला नसतो, तळखड्यावर उभा केलेला असतो. दगडाचा हा वीतभर उंचवटा जमिनीतली ओल लाकडापर्यंत चढू देत नाही. वाड्याचे सारे आयुष्य या एवढ्याशा दगडावर अवलंबून आहे.

वाडा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जाडजूड भिंती येतात. प्रत्यक्षात बाहेरच्या भिंती थोडाफार भार घेतात, पण मजला आणि छप्पर तोलून धरतो तो लाकडाचा सांगाडा. खांब, खांबाच्या माथ्यावर हस्त म्हणजे दोन्ही बाजूंना पुढे आलेला लाकडी आधार, हस्तावर तुळई म्हणजे मुख्य आडवे लाकूड, तुळईवर कड्या म्हणजे जवळजवळ टाकलेली बारीक आडवी लाकडे. मधल्या भिंती ही बहुतेक भर असते. म्हणून मधली भिंत काढली तरी मजला जागेवर राहू शकतो, आणि खांबाचा बुंधा कुजला तर चारी भिंती शाबूत असूनही मजला खचतो. वाड्यांच्या दुरुस्तीत झालेल्या बहुतेक चुका ही एक गोष्ट न ओळखल्यामुळे झाल्या आहेत.

जुनी माणसे घर सांगताना खोल्या नव्हे, खण सांगत. तीन खणी माजघर, पाच खणी सोपा. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. त्याचे माप कागदावर ठरत नसे, हाताशी असलेल्या लाकडाच्या लांबीजाडीवर ठरत असे; बहुतेक घरांत ते पाच-सहा ते आठ फुटांच्या आसपास येते. एकदा खण ठरला की खोलीची लांबी, दारांच्या जागा, कोनाडे, जिना, सगळे त्या तालावर बसते. मोठ्या दिवाणखान्यासाठी लांब तुळई मिळाली नाही तर मध्ये खांबांची रांग येते आणि त्याच रांगेवर मग कोरीव काम चढते. वाड्यातले सौंदर्य असे अडचणीतून निघालेले आहे, म्हणूनच ते उपरे वाटत नाही.

विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाचा. बांधायला सहा वर्षे आणि दोन लाख रुपये लागले अशी नोंद आहे, आणि १८०७ च्या सुमारास तो राहता झाला. हा काळ लक्षात घेतला पाहिजे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पुण्यातून निघाला, ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला आणि १८०३ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या फौजेच्या आधाराने तो परत गादीवर बसला. त्याच्या आजोबांनी, थोरल्या बाजीरावांनी, १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी केलेला शनिवारवाडा तट, बुरूज आणि खिळे ठोकलेल्या दिल्ली दरवाजासह उभा होता. तरीही या पेशव्याने राहण्यासाठी निवडली ती शहरातल्या वस्तीतली, तटबुरूज नसलेली, सज्जा रस्त्यावर उघडणारी वास्तू.

आजोबांनी किल्ला बांधला आणि नातवाने घर बांधले. शहराचे रक्षण आता तटावरचे पहारेकरी करत नव्हते, इंग्रजांची तैनाती फौज करत होती. विश्रामबागेच्या दर्शनी भागाचा मोकळेपणा मला त्या तहाचाच एक परिणाम वाटतो. वास्तू देखणी आहे आणि तिच्या देखणेपणात स्वातंत्र्य गेल्याची खूणही आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि पुढच्या वर्षी बाजीराव कानपूरजवळच्या बिठूरला गेला. या घरात तो जेमतेम अकरा वर्षे नांदला.

आतली मांडणी तीन चौकांची. चौक म्हणजे उरलेली मोकळी जागा नव्हे. आधी चौक आखायचा आणि मग त्याच्या भोवती पडव्या, पडव्यांमागे खोल्या. रस्त्याकडे खालच्या मजल्याला झरोके कमी, त्यामुळे उजेड आणि वारा चौकातूनच यायचा. दुपारी चौकातली हवा तापून वर चढते, तिच्या जागी देवडीतून आणि सावलीतल्या पडव्यांतून गार हवा ओढली जाते. पडवीची खोली नीट राखली असेल तर उन्हाळ्यातले चढते ऊन आतल्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. चौकाची फरशी पडवीपेक्षा खाली असते आणि तिला मोरीकडे किंचित उतार असतो, कारण चारी पाखांचे पावसाचे पाणी त्यातच पडणार. जुन्या वाड्यात ओल कुठून येते हे शोधायचे असेल तर भिंत फोडण्याआधी चौकातल्या मोरीत दोन घागरी पाणी ओतून पाहावे. ते सरसर गेले नाही तर निम्मे उत्तर तिथेच मिळते.

असा वाडा उभा करण्याचा क्रम ठरलेला होता. पाया घट्ट मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणायचा; पुण्याच्या बऱ्याच भागात तो फार खोल नसतो. त्यावर घडीव काळ्या दगडाचे जोते, दर्शनी दगड चापून बसवलेले, आत दगडमातीची भर. जोत्यावर तळखड्यांच्या जागा आखून ते पाणसळीने एका पातळीत आणायचे. इथे बोटभर चूक राहिली तर ती वरच्या मजल्यावर तिरक्या दारांच्या रूपाने दिसते. मग खांब ओळंब्यात उभे करायचे. खांबाच्या टोकाला कोरलेले कुसू हस्ताच्या खाचेत, हस्तावर तुळई, आणि सांध्यात लाकडाचीच खुंटी किंवा पाचर. मुख्य सांध्यांत लोखंडी खिळ्यांवर भिस्त नाही. हस्त शोभेसाठी असतो असे अनेकांना वाटते. तो तुळईला दोन्ही बाजूंनी आधार देऊन तिचा उघडा गाळा, म्हणजे आधाराविना उरलेली लांबी, कमी करतो, आणि तुळई खांबाच्या डोक्यावर जिथे चिरडली जाऊ शकते तिथे भार पसरवतो. हस्त काढून टाकलेल्या वाड्यातली तुळई काही वर्षांत मधोमध वाकलेली दिसते.

तुळयांवर फूट-दीड फुटाच्या अंतराने कड्या, कड्यांवर लाकडाच्या पातळ किलचा किंवा फळ्या, त्यावर मातीचा भराव ठोकून दाबलेला आणि वर चुन्याचा थर किंवा शेणाचे सारवण. या मातीने खोली गार राहते, वरच्या माणसाची पावले खाली ऐकू येत नाहीत. पण तिचे वजन विसरता येत नाही. सहा इंच जाडीचा भराव दर चौरस फुटाला सुमारे चोवीस-पंचवीस किलो भरतो. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत माणसे यायच्या आधीच अडीच टनांच्या आसपास ओझे कड्यांवर आहे. सुतारांनी लाकडाची जाडी हे ओझे धरूनच ठरवली होती. त्यावर पुढे कुणी दोन इंचांचा सिमेंटचा थर आणि वर फरशी घातली की दर चौरस फुटाला आणखी दहा किलो चढतात, आणि ते कुणाच्या हिशेबात नसतात.

भिंतींसाठी पक्की वीट, कच्चे भेंडे म्हणजे न भाजलेल्या विटा, आणि पांढरीची माती. गावठाणातली, पिढ्यान्पिढ्यांच्या राखेशेणाने मऊ आणि चिवट झालेली माती बांधकामाला उत्तम मानत. शनिवारवाड्यासाठी लाकूड जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीच्या बाजूने आणल्याचे सांगतात. शहरातल्या इतर मोठ्या वाड्यांचा मालही साधारण असाच भोवतालच्या दोन-तीन दिवसांच्या वाटेवरून येत असणार.

चुन्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण तो हातातून गेला आणि वाड्यांची तब्येत बिघडली. चुनखडी भट्टीत भाजायची, भाजलेली कळी पाण्यात विझवायची. ती फसफसते, पाणी उकळू लागते. घाई करणाऱ्याचे हात आणि डोळे इथेच भाजतात. विझलेला चुना पाण्याखाली काही आठवडे मुरवायचा. न विझलेला खडा गिलाव्यात राहिला तर महिन्या-दोन महिन्यांनी तो भिंतीत फुगतो आणि रुपयाएवढा पोपडा उडतो. मग एक भाग चुना, दोन ते तीन भाग वाळू, ओलीच्या जागी वाळूतला काही भाग काढून विटांची सुरखी म्हणजे भुकटी, हे मिश्रण चुन्याच्या घाणीत मळायचे. दगडी गोल चर, त्यातून फिरणारे दगडी चाक आणि ते ओढणारा बैल; किल्ल्यांवर अशा घाणी आजही पडलेल्या दिसतात. मळताना हिरडा आणि गुळाचे पाणी, कुठे बेलफळाचा गर, कुठे उडीद. गिलाव्याला भेगा पडू नयेत म्हणून बारीक कापलेला ताग. एका वेळचा थर अर्ध्या इंचाच्या आतला. चुना पाण्याने नव्हे, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, आणि त्यासाठी त्याला ओलावाही लागतो. म्हणून दोन-तीन आठवडे ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. ऐन वैशाखात उघड्यावर सुकू दिलेला चुना भुकटी होऊन हाताला लागतो. दोष चुन्याचा नसतो.

सुरूच्या खांबाकडे परत येऊ. खाली घटासारखी गोलाई, वर निमुळता होत जाणारा, पन्हळी कोरलेला दांडा, माथ्यावर पाकळ्या. हा आकार मोगल इमारतींच्या दगडातून आला आणि इथल्या सागात उतरला. दगडात तो जड होता; सागात तो हलका झाला, कारण सागाला सरळ रेषा असते, तेल असते, पटाशी अडत नाही आणि कोरीव कड वर्षानुवर्षे टिकते. केळफूल मात्र अगदी इथले. आपल्या परसातले, मंडपाच्या खांबाला बांधायच्या केळीवरचे. दिल्लीकडचा सुरू आणि कोकणातल्या परसातले केळफूल एका तुळईखाली इतक्या सहज नांदतात की यातले काय कुठून आले हा प्रश्नच पडत नाही. मराठी वास्तुकलेवर उसनवारीचा शिक्का मारणाऱ्यांनी हा सज्जा निवांतपणे पाहावा.

या सगळ्या लाकडाचा वैरी म्हणजे आग. २७ फेब्रुवारी १८२८ ला शनिवारवाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत होती. आत फक्त जोती उरली. १३ मे १८७९ च्या रात्री पेशव्यांचाच बुधवारवाडा जळून गेला आणि त्याच रात्री विश्रामबागेचाही एक भाग पेटला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे दिवस होते, त्यामुळे संशय आधी बंडवाल्यांवर आला. बुधवारवाडा त्या रात्री संपला तो संपलाच. विश्रामबागेचा जळालेला भाग लोकांच्या वर्गणीतून आणि नगरपालिकेच्या पैशातून पुन्हा उभा राहिला. पुणेकरांनी पेशवे गेल्यावर साठ वर्षांनी एका वाड्यासाठी खिशात हात घातला, ही मला बांधकामाइतकीच मोठी गोष्ट वाटते.

जाड सागवानी खांब लवकर जळत नाही. त्याचा बाहेरचा थर कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला झाकतो. आग साधारण मिनिटाला अर्धा मिलिमीटर या बेताने आत सरकते. फूटभर जाडीचा खांब अर्ध्या तासानंतरही बहुतांश शाबूत असतो. वाडा भस्म होतो तो बारीक लाकडामुळे. किलचा, रिपा, जाळ्या, छतावरच्या फळ्या भराभर पेटतात, भिंतीच्या जाडीतला अरुंद जिना धुराड्यासारखा ज्वाळा वर ओढतो आणि छत कोसळले की त्या मातीच्या ओझ्यासकट ते खालच्या मजल्यावर येते. म्हणून जुन्या वाड्यात विजेची तार कधीही उघडी लाकडावरून नेऊ नये, नळीतून न्यावी, आणि जिन्याखाली रद्दी, गाद्या, मोडके फर्निचर साठवू नये. जिन्याखालची अडगळ हा वाड्यातला सर्वांत धोक्याचा कोपरा आहे.

आगीच्या आधीचीही एक कहाणी या वास्तूत आहे. पेशवे श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटत. तो निधी इंग्रजांनी पुढे शिक्षणाकडे वळवला आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागेत संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचेच पुढे पूना कॉलेज झाले आणि १८६४ पासून डेक्कन कॉलेज. ते १८६८ मध्ये येरवड्याच्या बाजूला स्वतःच्या इमारतीत गेले. नंतर इथे शाळा भरली, विसाव्या शतकात काही दशके नगरपालिकेचा कारभार चालला, टपाल कार्यालय आले, शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन लागले. वापर सतत बदलत राहिला म्हणूनच वाडा वाचला. कुलूप लागलेला वाडा दहा-पंधरा पावसाळ्यांत जातो. राहत्या घरात कुणीतरी गळके कौल पाहते, मोरीतला पाला काढते, वाळवीची माती झटकते. रिकाम्या घरात हे पाहणारे डोळेच नसतात.

पण वापराने नुकसानही होते, आणि त्याची सुरुवात पुन्हा तळखड्यापाशी. फरशी खराब झाली की जुनी उखडण्यापेक्षा तिच्यावरच नवी घालणे सोपे. एकदा शहाबादी, मग मोझॅक, मग चकचकीत टाइल. दर वेळी जमीन दोन-तीन इंच वर येते आणि एक दिवस तळखडा गडप होतो. आता फरशी पुसण्याचे पाणी थेट खांबाच्या बुंध्याला लागते, सिमेंटमुळे ते सुकतही नाही. बाहेर रस्त्याचेही तेच. डांबराचे थर चढत गेले, जोते बुडत गेले, आणि ज्या उंबऱ्यावरून पाणी बाहेर पडायचे त्यावरूनच ते आत येऊ लागले. कुठल्याही जुन्या वाड्यात शिरताना किती पायऱ्या चढलात ते मोजा. उतरावे लागले, तर त्या वाड्याच्या खांबांची चौकशी लगेच करायला हवी.

दुसरे संकट सिमेंटचा गिलावा. भेंड्याची, मातीच्या सांध्यांची भिंत ओल घेते आणि सोडते. चुना तिला सोडू देतो, सिमेंट देत नाही. ओल आत कोंडते, तिच्यातले क्षार गिलाव्यामागे साचून फुगतात, लोणा धरतो, आणि काही वर्षांनी सिमेंटचा पापुद्रा विटांची तोंडे घेऊनच खाली येतो. त्याहून वाईट म्हणजे भिंतीत दडलेला खांब. तो वर्षानुवर्षे ओल्या कपड्यात गुंडाळल्यासारखा राहतो आणि बाहेरून काही दिसत नाही. लाकडावरच्या जाड ऑइलपेंटचेही हेच. तो खरवडून कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात दिले की साग पुन्हा श्वास घेतो. मात्र तेल पुसलेल्या चिंध्या पसरून वाळवायच्या, बोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात.

कुजलेला खांब पूर्ण बदलावा असे सांगणारे पुष्कळ भेटतात. बहुधा गरज नसते. टोच्याने तळापासून वर टोचत जायचे. जिथे टोक लोण्यात गेल्यासारखे शिरते ते कुजलेले, जिथे अडते ते निरोगी. हातोडीने ठोकून बद्द आवाज कुठे थांबतो तेही ऐकायचे. दोन्ही बाजूंना टेकू देऊन भार हळूहळू त्यांच्यावर घ्यायचा, तुळई उचलायची ती केसभरच. शंभर वर्षांत वाकलेली तुळई एका दुपारी सरळ करायला गेले की वरच्या भिंती तडकतात. मग निरोगी लाकडात चार-सहा इंच वर जाऊन कापायचे आणि जुन्याच जातीच्या, पूर्ण वाळलेल्या सागाचा नवा बुंधा खाच घालून सांधायचा. ओला साग लावला तर तो आकसतो आणि सांधा वर्षभरात उघडतो. तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजले असेल तर तिरका लांब सांधा, लांबी तुळईच्या उंचीच्या निदान तिप्पट, आणि तो गाळ्याच्या मधोमध कधीच नको. नवे टोक भिंतीत बसवताना भोवती बोटभर पोकळी सोडायची, म्हणजे हवा खेळते. गवंड्याला हे पुनःपुन्हा सांगावे लागते, कारण फट दिसली की ती बुजवायची ही त्याच्या हाताची सवय आहे.

सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. ती लागते सालीलगतच्या फिकट लाकडाला आणि दुरुस्तीत स्वस्तात वापरलेल्या दुसऱ्या लाकडाला. भिंतीवर मातीची बारीक नळी दिसली तर ती नुसती झाडू नये. ती जमिनीत कुठे शिरते ते पाहावे, कारण तिथे ओल असतेच.

पुण्याच्या पेठांतले शेकडो वाडे यातल्या कुठल्याही एका कारणाने गेले नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांत पाणी तासन्‌तास उभे राहिले आणि मातीच्या सांध्यांच्या भिंती विरघळल्या. कित्येक ठिकाणी सांगाडा उभा होता, भर वाहून गेली होती. ती पुन्हा भरता आली असती. आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यात मालकाला कौल बदलणेही परवडेना, भाडेकरूला दुसरीकडे जाणे परवडेना. दोघांची अडचण खरी होती. मध्ये वाडा झिजत राहिला. विश्रामबागेचे नशीब असे की ती सार्वजनिक मालकीची झाली. बाकीच्यांना तेवढे छत्र मिळाले नाही, आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींना नाव मात्र अजून अमक्याचा वाडा असेच आहे.

जे उरले आहेत त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठे काम शाकारणीचे. मृग लागतो ७ जूनच्या सुमारास, म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माणूस छपरावर चढलेला असावा. कौलांवर पाय न देता, वाशांच्या रेषेवर आडवी फळी टाकून चालायचे. आढ्याकडून वळचणीकडे एकेक पट्टा उघडायचा, फुटके कौल बाजूला, शाबूत कौल झटकून परत. रीप दाबून पाहायची. वाकली किंवा मऊ लागली तर तेवढीच बदलायची. आढ्यावरच्या कौलांचा जुना चुना खरवडून नवा भरायचा. दोन पाखे जिथे मिळतात त्या पन्हळीतला पाला, कावळ्यांच्या काड्या, पिंपळाचे रोप मुळासकट काढायचे. पिंपळ वरून छाटला तर मूळ भिंतीत जाड होत राहते. मग चौकात एकाने उभे राहायचे, वरून दुसऱ्याने पन्हळीत बादलीभर पाणी सोडायचे, आणि पागोळ्या तळखड्यांपासून किती लांब पडतात ते पाहायचे.